किती देव झाले?

देवदर्शनाच्या सहलीहून आलेल्या बाईला आपल्याकडं पहिला प्रश्न कोणता विचारतात? "दमलीस का", "काय काय बघितलंस" हे नंतर. आधी विचारतात, "किती देव झाले?" उत्तरही आकड्यातच येतं. "दोन दिवसांत सात झाले. आठवा राहिला, वाटेत गाडी पंक्चर झाली." मग दोघीही त्या राहिलेल्या आठव्यासाठी हळहळतात. झालेल्या सातांपैकी एखाद्या देवाचं रूप कसं होतं, ते सांगायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

दिवाळी संपली, सुगी उरकत आली की आमच्या कोल्हापूरकडं या सहलींचे बेत सुरू होतात. हल्ली ते व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतात एवढाच फरक. घरातला एखादा हौशी दीर किंवा भाचा कागद घेतो आणि लिहून काढतो : शनिवारी पहाटे तीनला निघायचं. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. येताना वाट वाकडी करून औदुंबर, नृसिंहवाडी. सोमवारी पहाटे घरी, म्हणजे कामावर खाडा नको. ऐकायला फार छान वाटतं. पण तुम्हीच हिशेब करा. ही फेरी सातशे किलोमीटरच्या वर जाते. चहापाणी, ट्रॅफिक, खराब रस्ता धरला तर नुसतं गाडीत बसणंच चौदा-पंधरा तासांचं. पंढरपुरात पायावर डोकं ठेवायचं म्हटलं तर सुट्टीच्या दिवशी रांग काही तासांची असू शकते. मग झोप कधी? आंघोळ कुठं? आणि मुख्य म्हणजे, गाडीतल्या आठ-नऊ बायकांनी लघवीला जायचं कुठं आणि कधी? हा प्रश्न त्या कागदावर कधीच नसतो. कारण कागद ज्याच्या हातात असतो, त्याला तो पडतच नाही. त्याला रस्त्याच्या कडेचं कुठलंही झाड पुरतं.

आम्ही कोल्हापूरकर बायका दोन्ही बाजू बघतो. आम्ही सहलीला जातोही आणि सगळ्या महाराष्ट्राची सहल आमच्या दारातही येते. बिंदू चौकात किंवा दसरा चौकात गाड्या थांबतात आणि त्यातनं बाया उतरतात. रात्रभराच्या प्रवासानं चुरगळलेल्या साड्या, केसात सुकलेला गजरा, हातात ओटीची पिशवी. पुढं एक पुरुष घड्याळ बघत, "चला, चला, दीड तासात जोतिबाला निघायचंय" म्हणत चाललेला. महाद्वार रोडवर या बायका बांगड्यांच्या दुकानापाशी थबकतात. दुकानदाराला वाटतं, गिऱ्हाईक आलं. पण त्यातली एक जण हळूच दुकानातल्या बाईजवळ जाते आणि पदर तोंडाशी धरून विचारते, "ताई, इथं जवळ सोय कुठं हाय?" मी हे एकदा नाही, कितीतरी वेळा ऐकलंय. पंचावन्न-साठच्या एका मावशींना मी विचारलं, "प्रवासात पाणी पिता की नाही?" त्या म्हणाल्या, "छे गं बाई. काल दुपारपासनं घोटभर चहावर आहे. उगं गाडी थांबवा कोण म्हणणार?"

गाडी थांबवा कोण म्हणणार! या एका वाक्यात आपल्या सहलींचं सगळं शास्त्र आलं. पाणी न पिता, लघवी दाबून दोन दिवस फिरलं की पुढच्या आठवड्यात जळजळ, ताप आणि डॉक्टर. घरचे म्हणतात, "बाहेरचं खाणं बाधलं असेल."

१ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं निर्वाळा दिला, की देवळात जाण्याचा बायकांना पुरुषांइतकाच हक्क आहे. त्याच महिन्यात आमच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांनी जाण्यावरनं इथं केवढा गदारोळ झाला होता, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल. तो हक्क मोठाच आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरनं जेवढे शब्द खर्च झाले, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानं तरी रांगेत तीन-तीन तास उभ्या असणाऱ्या बाईच्या सोयीबद्दल कुणी बोललं का? गाभाऱ्यात सगळ्याजणी जात नाहीत. मोरीची गरज मात्र सगळ्यांना असते.

आता दुसरी गोष्ट. ती जरा हळू आवाजात बोलायची असते, पण पुरवणी आपलीच आहे, म्हणून स्पष्टच लिहिते. सहलीची तारीख. ती ठरते गाडी कधी मिळते, पोरांना सुट्टी कधी आहे आणि साहेबांची रजा कधी मंजूर होते यावर. मग घराघरात बायका कॅलेंडर बघतात आणि गप्प होतात. गाडीत पाळी येणाऱ्या सहाजणी असल्या तर तीन दिवसांची एकही तारीख सगळ्यांना सोयीची सापडणं अवघड. यावर आपण काढलेला उपाय म्हणजे गोळी. मेडिकलमध्ये पोराला चिठ्ठी देऊन पाठवायचं, किंवा जाऊबाईंकडं मागच्या खेपेची उरलेली असते ती घ्यायची. आमच्या भागातल्या एका दुकानदाराच्या बायकोनं मला सांगितलं, "गणपती, नवरात्र आणि सहलींचे दिवस आले की या गोळ्यांना मागणी वाढते. बाया घरातल्या तिघींच्या एकदम नेतात. नव्या सुनेला सासूच आणून देते."

ही काही जिऱ्या-ओव्याची गोळी नव्हे. बहुतेक वेळा ती नॉरएथिस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाची असते. डॉक्टर ती साधारण पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून रोज घ्यायला सांगतात आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. बऱ्याचजणींना काही होत नाही, हेही खरं. पण जिला कधी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, यकृताचा आजार असेल, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, मधेच कारण न कळता रक्तस्राव होत असेल, किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तिनं ती घ्यायची नसते. हे चिठ्ठी घेऊन आलेल्या पोराला कोण विचारणार? त्यातून तासन्‌तास पाय खाली सोडून गाडीत बसणं, पाणी न पिणं, हेही गुठळीला निमंत्रणच. म्हणजे आपण एकाच सहलीत दोन्ही-तिन्ही गोष्टी एकत्र करतो आणि वर देवाला म्हणतो, सगळ्यांना सुखी ठेव.

पाळीत देवळात जावं की जाऊ नये, यावर मी इथं कुणाला शिकवायला बसले नाही. ज्याच्या त्याच्या घरची रीत, जिची तिची श्रद्धा. माझ्या थोरल्या जाऊबाई अशा वेळी बाहेर ओवरीत बसून नामस्मरण करतात, धाकटी सरळ आत जाते, आणि दोघीही एकाच गाडीतनं घरी येतात. माझं म्हणणं एवढंच, की गोळी घ्यायची का हे त्या बाईनं आणि तिच्या डॉक्टरनं ठरवायचं. सहलीच्या तारखेनं ठरवायचं नाही. तारीख ठरवायच्या आधी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकीला एकदा विचारायला काय हरकत आहे? भाच्याला विचारता येत नसेल तर एखाद्या वहिनीनं विचारावं. महिना तीस दिवसांचा असतो, देव कुठं पळून जात नाही.

देव पळून जात नाही म्हणताना वारही आठवला. मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाई, रविवारी जोतिबा, पौर्णिमेला वाडी, अमावस्येला आदमापूर. देवाचा वार तोच गर्दीचा वार. ज्यांचा त्या दिवसाचा नेमच आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण वर्षातून एकदा निघणाऱ्यांनी मुद्दाम गर्दीचाच दिवस धरून रांगेत वाळायचं, आणि पुजाऱ्यानं "चला, चला" म्हणून पुढं ढकललं की अर्ध्या मिनिटात बाहेर पडायचं, याला दर्शन म्हणावं का? जोतिबा बुधवारीही डोंगरावर असतोच.

आता तुम्ही म्हणाल, सांगणं सोपं, मग तुम्ही कसं करता ते सांगा. सांगते. माझी एक मामेबहीण कणकवलीहून तिच्या चौघी मैत्रिणी घेऊन आली होती. त्यांच्या कागदावर दोन दिवसांत नऊ देव होते. मी पाच खोडले, ती माझ्यावर थोडी रुसलीसुद्धा. पहिल्या दिवशी दुपारी त्या पोहोचल्या. जेवल्या, चक्क दोन तास झोपल्या. ऊन उतरल्यावर अंबाबाई. बाहेर येऊन भवानी मंडप, चप्पल लाइनीत घासाघीस, खासबागेत भेळ. यातलं काहीच पुण्यकर्म नव्हे, पण पाचजणी पोरींसारख्या हसत होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे जोतिबा. जेमतेम अठरा-वीस किलोमीटर. गुलालानं माखलेल्या पायऱ्यांवर गर्दी नव्हती, त्यामुळं गुडघे दुखणारी एक जण सावकाश बसत-उठत उतरली. कुणी तिला गाडीत चपला राखायला ठेवलं नाही.

हे चपला राखणं मला फार लागतं. अष्टविनायकाला जाणाऱ्या कितीतरी गाड्यांत मी ही आजी बघितलीय. लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या. बाकीचे वर जातात, आजी खाली पिशव्या सांभाळते. वणीच्या सप्तशृंगीला २०१८ पासून रुळावरची ट्रॉली झाली, ती अशा गुडघ्यांना वरदानच. पण जिथं अशी सोय नाही तिथं गाडी ठरवतानाच विचार करा : आजीला जे जमणार नाही असं ठिकाण आजीच्या नावावर काढलेल्या सहलीत घालायचंच कशाला?

तर पुढं. जोतिबाहून सरळ नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, घाटावरची सावली, दत्ताच्या पादुका, दुपारचा प्रसाद. पावसाळ्यात इथं नदीच देवळात येते. एका दारानं शिरून पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, तेव्हा त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि लोक स्नानाला गर्दी करतात. आमच्या पाचजणी मात्र मोकळ्या घाटावर पाय पाण्यात सोडून बसल्या. कुणी "चला, चला" म्हणायला नव्हतं, कारण घाईचा देवच कागदावर उरला नव्हता.

तिथनं वीसेक किलोमीटरवर खिद्रापूर. आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनीच खिद्रापूर बघितलेलं नसतं, कारण तो "नवसाचा देव" नाही. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे कोपेश्वराचं देऊळ. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छप्परच नाही. खांबांच्या कड्यातनं वर गोल आभाळ दिसतं आणि खाली तेवढीच गोल शिळा. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री चंद्र नेमका त्या गोलावर येतो म्हणून हल्ली लोक जातात. या देवळापुढं नंदी नाही. तो पल्याड कर्नाटकात यडूरला. कारण असं सांगतात, की सती दक्षाच्या यज्ञाला, म्हणजे माहेरी निघाली, ती नंदीवर बसून. मागं शंकर कोपला, तो हा कोपेश्वर. त्याची समजूत घालणारा विष्णू धोपेश्वर म्हणून त्याच गाभाऱ्यात आहे. मी ही कथा सांगितल्यावर मामेबहीण म्हणाली, "म्हणजे पहिल्यांदा स्वतः गाडी घेऊन माहेरी गेलेली बाई सतीच की!" तास-दीड तास आम्ही त्या गोल आभाळाखाली बसलो होतो.

चार देव झाले. पण चारही आठवतात.

त्याच शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना त्याप्रमाणं करायला सांगितलं. याचा सहलीशी काय संबंध? आहे. देवीच्या देवळात ओटी भरायची वेळ आली, की गाडीतल्या सवाष्णी पुढं होतात आणि एखादी आत्या, एखादी काकू आपोआप दोन पावलं मागं सरते. तिला कुणी सर म्हणत नाही. पण पुढं ये असंही कुणी म्हणत नाही. मामेबहिणीबरोबरच्या चौघींत एक जण अशी होती. तिच्या हातात नारळ-खण आम्ही आधीच घरनं निघताना दिला, देवळात गेल्यावर चर्चा नको म्हणून. तिनं ओटी भरली. अंबाबाई काही बोलली नाही. ओटीची पिशवी भरताना किती खण घ्यायचे, ते सवाष्णी मोजून नको, गाडीतल्या बायका मोजून घ्या.

खाण्याचंही बोलायला हवं. सहल म्हटली की आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत दशम्या, धपाटे, चटण्या, शंभर चपात्या. निघायचं तीनला. म्हणजे बाई सहलीला निघते तीच दमून. मार्गशीर्षात आमच्याकडनं सौंदत्तीला रेणुकेच्या यात्रेला जातात, तिथं चूल मांडून नैवेद्य रांधणं हा यात्रेचाच भाग आहे, त्यात मजाही आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जिथं तसा रिवाज नाही, तिथं कशाला? अक्कलकोटला अन्नछत्रात दोन वेळा प्रसाद मिळतो, वाडीला मिळतो. बाकी वाटेत झुणका-भाकरी कुठंही मिळते. "घरचंच बरं" म्हणणाऱ्यांनी घरचं करून आणावं की.

गाडी ठरवताना बायकांनी तोंड उघडून तीन गोष्टी विचाराव्यात. एक, पाटी पिवळी आहे का? ओळखीतली पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेतली, की अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करू शकते. दुसरी, गाणगापूर किंवा सौंदत्ती म्हणजे कर्नाटक, तिकडचं परमिट आहे का? नाहीतर हद्दीवर तुमचे दोन तास जातात. तिसरी, ड्रायव्हर झोपणार कधी? दिवसभर तुम्ही रांगेत असताना तो उन्हात गाडीत पेंगतो आणि रात्री तुम्हाला घेऊन चारशे किलोमीटर हाकतो. रात्रीचा प्रवास टाळून एक मुक्काम वाढवला तर खोलीचे पैसे जातील, पण दोन तासांनी गाडी थांबवता येईल. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असावंच लागतं. डिझेल भरायला थांबलो नसलो तरी तिथं हक्कानं जावं. कुलूप असेल तर किल्ली मागावी, लाजू नये. आणि "गाडी थांबवा" हे एकीनं म्हणायचं काम आधीच वाटून द्यावं. आमच्यात ते माझ्याकडं असतं. कारण मला लाज कमी आहे असं आमचे हे म्हणतात.

हे सगळं ऐकून माझ्या शेजारणीनं एकदा जे विचारलं, ते मात्र मला निरुत्तर करणारं होतं. ती म्हणाली, "तुमचं खरं आहे वहिनी. पण आम्हाला बाहेर पडायला मिळतंच तीन वर्षांतनं एकदा. त्यात दोनच देव करून कसं चालेल? पुन्हा कोण नेणार?" नऊ-नऊ देव एका कागदावर कोंबण्यामागचं खरं कारण हे आहे. भक्ती नव्हे आणि हावही नव्हे. परवानगी एकदाच मिळते, म्हणून तीत मावेल तेवढं भरून घ्यायचं. रेशनच्या रांगेत मोठी पिशवी नेतात तसं.

मी तिला तेव्हा काही बोलले नाही. पण मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याच्या आदल्या वर्षीपासूनच फुकट प्रवास आहे. कुणी नेण्याची वाट बघायचं कारण निम्मं तरी कमी झालं. आमच्या भिशीतल्या सहाजणींनी मागच्या हिवाळ्यात एका बुधवारी सकाळी स्टँडवरनं वाडीची एसटी धरली. शेजारीणही होती आणि तिची अठ्ठ्याहत्तर वर्षांची सासूही. घरी आमटी-भात करून ठेवला होता, पोळ्या ज्याच्या त्यानं केल्या असतील किंवा नसतील. दत्ताचं दर्शन झालं, प्रसाद झाला, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली. संध्याकाळी सातला परत. दारात शेजारणीच्या नवऱ्यानं विचारलं, "एकच देव?"

ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात दुसरा." आणि सासूबाईंना हात धरून आत घेऊन गेली.